लवूने सूरपाटी सोडली

लवू माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन मांडवीला आले तेव्हा तो पाटी-दप्तराच्या वयाचा होता, आणि सासूबाई त्याच वर्षी गेल्या. म्हणजे नात्याने दीर असला तरी त्याचं न्हाऊमाखू, तापात उशाशी बसणं, मास्तरांचा मार खाऊन आला की पाठीला तेल लावणं, हे सगळं माझ्याच हातून झालं. माझ्या दोन्ही मुली त्याच्या नंतरच्या. तो मला एरवी "वयनी" म्हणायचा आणि खोटं बोलायचं असलं की "वयनीबाय" म्हणायचा. हे त्याचं त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

तो सतरा-अठराचा झाला त्या सुमाराला मिऱ्याच्या अंगाला दर्यावर्दी शाळा निघाली होती. एका आगबोट कंपनीने आणि इथल्या काही शेटांनी मिळून काढलेली. ती आता बंद झाली, म्हणून तर हे मोकळेपणी लिहिता येतंय. बंदरावरच्या लाँचीवर, दीपगृहावर, आगबोटीवर पक्क्या नोकरीची माणसं तिथे तयार होत. पोरं तिथेच राहायची. पहाटे घंटा झाली की जुन्या गलबताचा तक्ता, म्हणजे वरची लाकडी जमीन, घासायचा. मग वर्ग: इंग्रजी, हिशेब, होकायंत्र, नकाशे. दुपारी वल्ही आणि दोरखंडाच्या गाठी. पाळी असेल त्याने डोलकाठीवर चढून बावटे लावायचे. आणि संध्याकाळी मैदान. पुस्तक, काम आणि मैदान अशा तिन्ही गोष्टींत पास व्हायला लागायचं. एकात राहिला तरी सर्टिफिकेट नाही.

लवू तिन्हींच्या मागे एकदमच धावायचा. सुट्टीला घरी आला की विहिरीच्या दोराला बोटीवरच्या गाठी मारून ठेवायचा, मग मी सकाळी कळशी घेऊन उभी आणि दोर काही सुटत नाही. वल्ही मारताना इंग्रजी शब्द पाठ करायचा, पाढे म्हणत धावायचा. पण त्याचा खरा जीव आट्यापाट्यांत. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. जमिनीवर ओळीने आडव्या रेघा आखतात, त्या पाट्या. प्रत्येक पाटीवर एक गडी उभा. आणि सगळ्यांच्या मधून एक लांब उभी रेघ जाते, ती सूरपाटी. तिच्यावरून पुढे-मागे धावत सुटतो तो सूर. समोरचे गडी हुलकावण्या देत पाट्या ओलांडू बघतात, आणि त्यांना अडवायचं, हात लावून मारायचं म्हणजे बाद करायचं. सगळा भार सुरावर. भर धावेत जागच्या जागी वळायचं म्हणजे पाय लोखंडाचे लागतात. शाळेचा सूर आमचा लवू होता.

शाळेच्या एका नियमाची मात्र मला कायम धास्ती होती. अंगात खोट निघाली की नाव कमी. आदल्या साली देवगडकडच्या एका पोराचा खांदा निखळला, तर त्याची वळकटी बांधून त्याला बोटीत बसवून दिलं होतं. आमचे सासरे मचव्यावर गेले ते परत आले नाहीत. घरचे, म्हणजे लवूचे दादा, कस्टम कचेरीत शिपाई. त्यामुळे लवूला पक्की नोकरी लागावी एवढं एकच मागणं मी देवापुढे रोज ठेवत होते.

आता त्या थंडीतलं सांगते.

दर शनिवारी दुपारी पोरांना घरी सोडत. लवू यायचा तो पाखाडीने, म्हणजे आमच्या घरामागच्या जांभ्याच्या पायऱ्यांच्या वाटेने, पायऱ्या गाळत, उड्या मारत. त्या शनिवारी तो पाखाडीने आलाच नाही. बंदराच्या गाडीरस्त्याने वळसा घालून आला. त्या रस्त्याला माडीचं दुकान आहे.

"आज इकडून कसा रे?" मी विचारलं.

"सहज, वयनीबाय."

वयनीबाय! मी पाण्याचा तांब्या देताना मुद्दाम जवळ वाकले आणि तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. म्हणजे वर वेलची खाल्ली असणार.

जेवायला पाट मांडले तर हा पडवीच्या पायरीवर पाय खाली सोडून बसला. म्हणे, "माझं ताट इथंच द्या, इथं वारा आहे." थंडीत वारा! आमच्या हौसाआत्या, घरच्यांची आत्या, विधवा होऊन आमच्याकडेच राहिलेल्या. त्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. त्या म्हणाल्या, "साहेब झाला गो आपला झील. आज पायरी, उद्या मेज-खुर्ची. परवा म्हणेल, आत्याच्या हातचं नको, खानसामा ठेवा."

"ठेवू ना आत्या. खानसामा तरी मीठ बेतानं घालील."

"मेल्या, माझ्या मिठावर वाढलास!"

इथवर मी हसण्यावारी नेलं असतं. पण संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला, तर रोज जमिनीला कपाळ टेकणारा लवू नुसता उभ्याने हात जोडून बाजूला झाला. ते मात्र माझ्या काळजात गेलं. देवापुढे वाकायला ह्याला काय झालं? शाळेत पाद्री येऊन काही सांगतात की काय?

विचारलं तर हसला. "पाद्री कशाला येतील? त्यांना तक्ता घासायला लावतील म्हणून भितात."

हसला, पण वाकला नाही.

रात्री घरच्यांपाशी मी सगळं बोलले. माडी, साहेबी, पाद्री. ते म्हणाले, "तुला कुणाचा संशय येत नाही ते सांग. म्हणजे लवकर आटपेल."

त्यांच्या थट्टेने माझं समाधान होत नाही, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात हौसाआत्या न्हाणीमागे काटक्या वेचायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या. आमच्या आणि शेजारच्या यमुनाबाईंच्या परसवांच्या मध्ये एक दगडी गडगा आहे. त्याच्या फटीत एक पुरचुंडी खुपसलेली होती. लुगड्याची चिंधी, तीन गाठी मारलेली, हळदीने पिवळी झालेली. आत मीठ, ते करपून काळपट झालेलं. शेजारी करवंटी, तिच्यात काहीतरी तांबूस-पांढरं वाळून गेलेलं.

"हात लावू नको गो!" आत्यांनी मला मागे ओढलं. "करणी आहे ही. मीठ, हळद, बाईमाणसाच्या लुगड्याची चिंधी. लिंबू शोध. लिंबू असणारच."

लिंबू मिळालं नाही.

"म्हणजे कुणाच्या तरी पोटात घातलंन," आत्या म्हणाल्या आणि गडग्यापलीकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "फणसाच्या फांदीवरून कुणी माणसं मारतं का गो? देव बघतोय वरून."

आत्यांचं आणि यमुनाबाईंचं त्या फांदीवरून जुनं होतं. झाड आमचं, फांदी त्यांच्या अंगणात, आणि फणस कुणाचे हा प्रश्न.

पलीकडून यमुनाबाईंचा आवाज आला, "देव बघतोय तर त्याला बघू द्या. तुम्ही जरा आत जा, उन्हानं डोकं फिरेल."

आत्यांना त्याच दिवशी देवळात जाऊन गाऱ्हाणं घालायचं होतं, गुरवाकडून कौल लावून घ्यायचा होता. मी म्हटलं, रविवार जाऊ दे. कारण मी एक गोष्ट पाहिली होती आणि ती आत्यांना सांगितली नव्हती. चिंधीला हिरवे काठ होते. ते लुगडं माझं. फाटलं म्हणून माजघरातल्या गाठोड्यात बांधून ठेवलेलं. यमुनाबाई आमच्या माजघरात कधी पाऊल टाकत नाहीत. म्हणजे चिंधी घरातल्याच कुणीतरी काढून दिली होती.

मुली असलं करणार नाहीत. घरच्यांना गाठोडं कुठे आहे तेच ठाऊक नाही. आत्या स्वतःवर करणी कशाला करून घेतील? उरला तो शनिवारी येऊन रविवारी जाणारा.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी माळ घेऊन न्हाणीच्या खिडकीपाशी बसले. मणी बोटांतून सरकत होते, पण नाम कुठे आणि मन कुठे. थोड्या वेळाने लवू हळूच परसवात आला, इकडेतिकडे बघितलंन, आणि गडग्याच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, वळसा घालून यमुनाबाईंकडे गेला. एकदा वाटलं, आत्यांना हाक मारावी. नाही मारली. माळ कमरेला खोचली आणि मागोमाग गेले.

यमुनाबाईंच्या कपडे धुवायच्या दगडावर लवू बसला होता, डावा पाय सरळ पुढे केलेला. गुडघा सोललेल्या नारळाएवढा. यमुनाबाई तव्यावर तीच हिरव्या काठांची मिठाची पुरचुंडी गरम करून करून त्यावर शेक देत होत्या. करवंटीत चुना-गुळाचा लेप कालवलेला.

"काय चाललंय हे?" मी म्हटलं.

"डोळे आहेत ना? मग बघ," यमुनाबाई वर न बघता म्हणाल्या. "तुझ्याकडे यायला हवा होता तो. माझ्याकडे का आला ते त्याला विचार. मला शपथ घातलंन, म्हणून तुझ्या आत्याचं बोलणंही ऐकून घेतलंय मी."

"वयनीबाय, मी सांगणारच—"

"बाय नको. सरळ बोल."

सरळ बोलला. सरावाला भर धावेत वळताना कातळावर पाय निसटला आणि गुडघ्यात काहीतरी करकरलं. ओरडलो तर डॉक्टर, डॉक्टर आला तर वळकटी. म्हणून उठून हसला आणि पुढे खेळला. तेव्हापासून चालवून घेत होता. वर्गात मागच्या बाकावर बसून पाय लांब सोडायचा. डोलकाठीची पाळी आली की दुसऱ्याला द्यायची आणि त्याच्या बदल्यात त्याचे तक्ते घासायचे. तक्ते खाली बसून घासायचे, पण खाली बसताही येत नाही, म्हणून पालथं पडून घासायचे. डोलकाठीची पाळी अगदीच टळली नाही की हातांच्या जोरावर चढायचं. पोरं म्हणत, लवू हल्ली फार उदार झालाय, ह्याचं काहीतरी आहे. माझ्यासारखीच पोरं ती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं की तू दादाला सांगणार. दादा सरळ माणूस, हात धरून डॉक्टरकडे नेणार."

"आणि आत्यांना?"

"आत्याला कळलं म्हणजे बंदराला कळलं."

खोटं नव्हतं. पण पुढचं मला विचारायलाच हवं होतं. दर साली थंडीत शाळेचा आणि पोलिसांचा आट्यापाट्यांचा सामना व्हायचा, आणि तो आता तोंडावर आला होता.

"खेळणार आहेस?"

"सूर मी आहे, वयनी. मी उभा नाही राहिलो तर विचारतील, का म्हणून. कारण सांगितलं की शाळा गेली."

"आणि उभा राहिलास तर?"

 यमुनाबाईंनी पुरचुंडी दाबली तसा त्याने दातांतून श्वास घेतलान.

"उभा राहिला तर पाय जाईल," यमुनाबाई म्हणाल्या. "मग डोलकाठीवर काय आत्याला चढवणार?"

मी त्याला देवाची शपथ घालून बघितली, खेळणार नाही म्हण. तो म्हणेना. मी घरी आले, कुणाला काही बोलले नाही. आत्यांना म्हटलं, गाऱ्हाणं पुढच्या सोमवारी घालू, ह्या सोमवारी मला उपास आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच करणी केली असावी.

सामना पोलिसांच्या मैदानावर झाला. आम्ही बायका लांब झाडाखाली उभ्या. घरचे दोरीपाशी. आत्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून मी त्यांना सांगत होते. पोलिसांच्या बाजूने लवूचा मावसभाऊ धोंडू होता, दांडगा गडी. सुरुवातीला शाळेची पोरं पाट्यांवर उभी राहिली. लवू सूरपाटीच्या डोक्यावर. टाळ्या झाल्या. कुणीतरी लवूला उद्देशून ओरडलं, "मयेकर, आज खाकीला पाणी पाज!"

त्याने एकदा सगळ्या पाट्यांवरून नजर फिरवलीन, पार शेवटच्या पाटीपर्यंत. मी माळ मुठीत आवळली होती. आणि शिट्टी व्हायच्या आधी तो रेघ सोडून बाजूला झाला. शेजारच्या पोराच्या कानात काहीतरी बोलला आणि मैदानाबाहेर चालू लागला. लंगडत नव्हता. लंगडू नये म्हणून तो किती जपून पाय टाकत होता ते माझं मला कळत होतं. लोकांना ती ऐट वाटली.

"काय झालं? काय झालं गो?" आत्या माझा हात ओढत होत्या.

"बाहेर आला."

"कोण? आपला?"

मैदानात मग जे सुरू झालं ते लिहिण्यासारखं नाही. "पळाला रे पळाला" हे त्यातलं सगळ्यात सोज्वळ. दुसरा पोरगा सूर झाला, पण त्याला तो खेळ पेलला नाही. शाळा हरली. पोलिसांनी धोंडूला खांद्यावर घेतलं, आणि आमच्या जवळच उभा असलेला एकजण म्हणाला, "घरातल्या घरात ठरलेलं दिसतंय. मावसभाऊ ना दोघे?"

ते वाक्य आम्ही घरी पोचायच्या आधी शाळेत पोचलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी दुपारी महिपत मास्तर आमच्या दारात उभे.

हे मास्तर म्हणजे पूर्वी आगबोटीवर सारंग, खलाशांचे मुकादम, होते. शाळेत खेळ आणि कामाच्या पाळ्या त्यांच्याकडे. बुटके, मानेवर रुळणारे पिकलेले केस, बोलणं थोडं. त्यांनी लवूला बरोबरच आणलं होतं. घरच्यांनी ओटीवर घोंगडी टाकली. मी दाराआड उभी राहिले. चहा ठेवला होता, त्याच्याकडे माझं लक्ष नव्हतं.

"मी शाळेच्या साहेबांना अजून काही सांगितलेलं नाही," मास्तर घरच्यांना म्हणाले. "इथं विचारतो, मग सांगेन. लवू, धोंडूला कधी भेटलास?"

"दिवाळीत. इथंच, घरी."

"त्यानंतर?"

"नाही."

"त्याने काही दिलं? देईन म्हणाला?"

"मास्तर," घरचे म्हणाले, "आमच्या घरात असलं नाही."

"नसेल. पण मला त्याच्या तोंडून हवंय. खेळ विकला असेल तर आजच्या आज नाव कापीन. भ्याला असेल तर शिक्षा देईन, शाळेत राहील. लवू, काय झालं?"

"भ्यालो, मास्तर."

मास्तर म्हणाले, "भर वाऱ्यात डोलकाठीच्या टोकाला उभा राहून बावटा लावतोस तू. आणि धोंडूला भ्यालास?"

 मास्तरांना ते पटलेलं नव्हतं हे मला दाराआडून दिसत होतं. माझ्या जिभेवर सगळं होतं. गुडघा म्हटलं तर पोरगा चोर ठरत नाही, पण शाळा जाते. गप्प राहिले तर पोराने खेळ विकला असं मास्तर धरून चालणार, आणि शाळाही जाते आणि वर घराण्याला काळं लागतं.  मी ठरवलं, बोलायचं. निदान नाव तरी राहील. पदर सावरून पाऊल बाहेर टाकलं, तर मला बाजूला सारून हौसाआत्याच पुढे आल्या. हातात केळीच्या पानावर ती पुरचुंडी.

"भ्याला नाय तो! त्याला भ्यायला लावलंन!"

"आत्या—" घरचे म्हणाले.

"तू गप बस. मास्तर, तुम्ही दर्यावरची माणसं, तुम्हाला कळेल. ही बघा करणी. आमच्या गडग्यात घातलेली. मीठ बघा, हळद बघा. हिच्या लुगड्याची चिंधी आहे, हिने लपवलंन माझ्यापासून, मला काय कळत नाय? ज्या दिवसापासून हे घातलंय त्या दिवसापासून आमचा पोर पाटावर बसत नाय, देवापुढे वाकत नाय, पाखाडी उतरत नाय. बाधा आहे ही सरळ सरळ!"

मास्तरांनी हात पुढे केला.

"हात लावू नका हो!"

त्यांनी लावला. गाठी सोडल्या. मिठाचा करपलेला खडा बोटांत चुरडला. चिंधीला लागलेला वाळका लेप नखाने खरवडला, नाकाशी नेला. चुना आणि गूळ ह्यांचा वास काही लपत नाही. मग ते हळूच म्हणाले, "पाटावर बसत नाही. देवापुढे वाकत नाही. पाखाडी उतरत नाही." आणि त्यांची नजर लवूच्या पायाकडे गेली.

"लवू, उकिडवा बस."

लवू जागचा हलला नाही.

"बस म्हणतो."

तो अर्ध्यापर्यंत खाली गेला आणि त्याने ओटीचा खांब धरलान. तोंड पांढरं पडलं.

"पुरे. ऊठ."

घरचे तोंड उघडं टाकून बघत होते. त्यांना तेव्हा कळलं. आत्यांना नाही कळलं. त्या म्हणाल्या, "बघितलंत? बाधाच आहे."

मला वाटलं, झालं. आता वळकटी.

मास्तरांनी चिंधी पुन्हा घडी केली, मीठ आत घातलं, होत्या तशाच गाठी मारल्या आणि पुरचुंडी पानावर ठेवून आत्यांच्या हातात दिली. अगदी आदराने.

"आत्याबाई, तुमचं खरं आहे. करणीच आहे. संध्याकाळी ओहोटीला नेऊन समुद्रात सोडा. गुरवाकडे नेऊ नका. आणि ह्यातलं एक अक्षर कुणापाशी बोलायचं नाही. बोललं की ही उलटते, आणि बोलणाऱ्यावर येते."

आत्यांनी पान अंगापासून लांब धरलं. "कुण्णापाशी नाय?"

"कुणापाशीच नाही. शेजारीणपाजारणीकडे तर नाहीच."

आत्या गेल्या. त्या बाईने आयुष्यात गुपित पाळलं असेल तर तेवढंच.

मग मास्तर लवूकडे वळले. "भ्यालास ना?"

लवूने मान वर केली. "होय."

"मग शिक्षा. मैदान बंद. डोलकाठी बंद. परीक्षेपर्यंत वर्ग सुटला की शिडांच्या कोठीत बसून फाटकी शिडं शिवायची. पाय लांब करून बसलास तरी मी बघायला येणार नाही. मैदानाचे आतापर्यंतचे गुण पास होण्यापुरते आहेत, ते मी काढून घेणार नाही. परीक्षेत डोलकाठी चढायची आहे. तिथे तो पाय लटपटला, तर डॉक्टरकडे मी स्वतः नेईन. कळलं?"

"होय, मास्तर."

"थांब, अजून आहे. मी साहेबांना सांगणार, पोरगा भ्याला. म्हणजे तू पण सगळ्यांना तेच सांगायचं. उद्या पोरांना, परवा बाजारात. मी आहे, शाळा आहे, तोवर तेच. लोक तुला काय काय म्हणतील ते तुला ठाऊक आहे? नको असेल तर आत्ता सांग. आत्ता गुडघा सांगितलास तर नाव तरी स्वच्छ घेऊन घरी येशील."

लवूने माझ्याकडे बघितलंन. मी त्याला काय सांगणार? मी नुकतीच नाव वाचवायला निघाले होते. मी खाली बघितलं.

"भ्यालो, मास्तर," तो म्हणाला.

चहा पार आटून गेला होता. मास्तर न घेताच गेले.

ते असं का वागले हे मला आजवर उलगडलेलं नाही. त्या वेळी मी सगळं तपासून बघितलं. आमच्याकडून काही हवं असेल? आमच्याकडे होतं काय! आत्यांचं म्हणणं, "घरात लग्नाची पोरगी असणार बघ." घरच्यांना चौकशीला लावलं, तर मास्तरांना मूलबाळच नव्हतं. पुतणी, भाची? नव्हती. पुढे कितीतरी दिवस मास्तर पाखाडीच्या तोंडाशी दिसले की मला वाटायचं, आला मागायला. मान हलवायचे आणि पुढे जायचे.

शाळेत लवूचे हाल झाले. शिडांच्या कोठीच्या कडीला पोरांनी बांगड्या अडकवल्या. जेवणाच्या पंगतीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची. तो जाड सुई घेऊन शीड शिवायचा, समोर होकायंत्राचा कागद टाचलेला. त्या कोठीत त्याचं पुस्तक मात्र पुढे गेलं. शनिवारी घरी आला की अंधार पडायच्या आत यमुनाबाईंकडे शेक. आत्या त्याला तिकडे जाताना बघायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या, कारण बोललं की उलटते. फणसाच्या फांदीचं भांडणही त्या साली कुणी काढलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी किल्ल्यावर देवीला ओटी घेऊन गेले. तिथून मिऱ्याची बाजू दिसते, डोलकाठी दिसत नाही. संध्याकाळी त्याने निरोप पाठवलान, चढलो. एवढंच.

पुढचं लवकर सांगून टाकते. तो पास झाला, बंदराच्या लाँचीवर लागला, पहिला पगार घेऊन आला. मी त्याचं लग्न बघायला लागले. केळशीचं स्थळ सगळं जुळत आलं होतं, तर मुलीच्या बापाने निरोप धाडला, भर मैदानात आपल्या गड्यांना सोडून जाणाऱ्याच्या हाती पोर कशी द्यायची? घरचे उत्तर लिहायला बसले आणि लेखणी खाली ठेवून उठले. लिहिणार काय! लवू म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं," आणि कामावर गेला. मला त्या दिवशी मास्तरांचाच राग आला. एवढं महाग कुणी विकतं का?

मग जयगडकडची दमयंती मिळाली. तिच्या वडिलांनीही ती गोष्ट ऐकली होती. म्हणाले, "लाँचीवर पाट्या आखतात काय? मग झालं तर." दमयंती घरात आली, हुशार, कामसू, चार वर्षं नांदली. बाजारात कुणी लवूला खिजवलं की ही मान खाली घालून पुढे चालायची. मी बघायची आणि ओठ दाबायची. शब्द दिलेला त्याने, पण तो माझ्याही मानेवर.

गेल्या साली महिपत मास्तर वारले. शाळा त्याच्या आधीच बंद पडली होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना लवू आपण होऊन म्हणाला, "वयनी, आता हिला सांग." मी सांगितलं. अगदी चुना-गुळासकट. आत्या ऐकत होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "गुडघा होता तो? मग मी समुद्रात काय सोडून आले?" आणि रागावून दुसरीकडे तोंड करून बसल्या.

दमयंती वाढायचं थांबून उभी. हातात आमटीचा डाव तसाच.

"मग मला का नाय सांगितलंत? मी चार वर्षं ह्यांना भित्रे समजत होते."

"समजत होतीस, तरी नांदलीस ना?" लवू म्हणाला.

ती हसली नाही. डाव भांड्यात ठेवलान आणि त्याच्याकडे निरखून बघायला लागली, जसं कुणी वाण्याच्या तराजूकडे बघतं.

"चार वर्षं तोंडावर एवढं लपवलंत," ती म्हणाली, "तर आणखी काय काय लपवलंय?"

"काय नाय."

"वयनी, तुम्ही सांगा. तुम्हाला ठाऊक असेल."

मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगून झालं होतं. मी तसं तिला देवाशपथ सांगितलं. पण ते तिला पटलेलं दिसलं नाही.